देवीच्या नावाचं जावळ

मी जन्माची भित्री. पालीला भिते, विजेला भिते, पोलिसाच्या टोपीला भिते. पण ह्या सगळ्यांपेक्षा जास्त भीती मला माझ्या जिभेची वाटते. ती माझ्या आधी बोलते आणि निस्तरायला मला ठेवते. एकविसाव्या वर्षी तिने मला असं काही अडकवलं, की आज डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तरी ते दिवस मला लख्ख दिसतात.

तेव्हा आम्ही टिमकीत राहत होतो. कोष्ट्यांची वस्ती. सकाळ झाली की गल्लीभर मागांची खटखट सुरू व्हायची ती दिवे लागेपर्यंत. आमच्या पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा करून माग बसवलेला होता आणि त्यावर माझे सासरे लुगडी विणायचे. त्यांना आम्ही मामंजी म्हणायचो. सासूबाई, म्हणजे आत्याबाई, शेजारी बसून त्यांना सुताच्या कांड्या भरून द्यायच्या. माझ्या नवऱ्याने मात्र माग सोडला होता. ते बर्डीकडच्या एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. दिवसभर उलटी अक्षरं वाचून घरी आल्यावर ह्यांना सुलट बोलायला वेळ लागतो, असं मी चिडवायची. आमचा मुलगा अडीच वर्षांचा होता आणि त्याचं जावळ अजून काढायचं राहिलं होतं. दर वेळी काहीतरी आड यायचं, कधी सुतक, कधी लग्नसराईची लुगडी. केस मानेवर रुळायला लागले होते आणि नवखा माणूस त्याला हटकून मुलगी समजायचा.

एका संध्याकाळी ह्यांनी सदऱ्याच्या आतून घडी घातलेला एक ताव काढला. छापखान्यात तेव्हा शाळांसाठी चांदा जिल्ह्याच्या माहितीचं पुस्तक छापलं जात होतं. त्यातलाच हा शाई पसरून वाया गेलेला कागद. वर चांद्याच्या वेशीचं चित्र, खाली मजकूर. अख्खं गाव दगडी कोटाच्या आत आहे, वेशीवर हत्तीवर चढलेला सिंह कोरलेला आहे, महाकालीचं देऊळ आहे, गोंड राजांच्या समाध्या आहेत, आणि त्यातली सगळ्यांत मोठी समाधी एका राणीने नवऱ्यासाठी बांधलेली आहे. मी चौथी शिकलेली. बोट ठेवून सगळं वाचून काढलं.

“हा सारा कोट मीच बांधला,” ते म्हणाले. “एक एक खिळा बसवून. पन पाहिला नाही अजून.”

“मंग पाहून येऊ न,” मी म्हणाले. म्हणजे जीभ म्हणाली.

ते हसले नाहीत. माझ्याकडे पाहत राहिले, आणि मला कळलं की हा माणूस खरंच जायचा विचार करतोय.

त्यानंतर पंधरा दिवस आमचा तो एकच उद्योग. सासू-सासऱ्यांसमोर नवरा-बायकोने बोलत बसायची पद्धत नव्हती, म्हणून संध्याकाळी मी मागच्या अंगणात कंदिलाची काच पुसायला बसायची आणि ते हातपाय धुवायला यायचे. इतका वेळ हातपाय धुणारा माणूस टिमकीत दुसरा नसेल. त्याच तावाच्या मागच्या कोऱ्या बाजूला ते पेन्सिलीने लिहायचे. शनिवारी छापखाना एक वाजता सुटतो. तिथून तडक इतवारीच्या स्टेशनावर. छोट्या गाडीने नागभीड, तिथे गाडी बदलायची, मग चांदा. छापखान्यातल्या एका माणसाची बहीण तिथे वेशीजवळ राहते, तिच्या ओसरीवर पथारी टाकायची. रविवारी उजाडताच कोटावरून चालत गावाला एक फेरी, मग समाध्या, आणि दुपारच्या गाडीने परत. पोराला दोन दिवस आत्याबाईंकडे ठेवायचं. फक्त आम्ही दोघंच.

“राणीनं एवढी समाधी बांधली नवऱ्यासाठी,” ते एकदा म्हणाले. “तू काय बांधशील?”

“पहिले नेऊन तर दाखवा. मंग माप घेते.”

आता ह्यात भ्यायचं काय, असं माझ्या नाती विचारतात. त्यांना काय सांगू! आमच्या घरातून बाहेरगावी जायला तीनच कारणं होती. लग्न, मयत आणि देव. भिंत पाहायला म्हणून कोष्ट्याच्या घरची सून नवऱ्याबरोबर गाडीत बसून गेली, असं कोणी ऐकलं असतं तर आमच्या गल्लीत माग थांबले असते. आत्याबाई रागीट नव्हत्या. आवाजसुद्धा चढवत नसत. पण त्या कांडी भरता भरता हात थांबवून नुसत्या बघायच्या, आणि मी हातातलं काम टाकून आत पळायची. विचारायचं काम ह्यांच्याकडे होतं. ते रोज म्हणायचे, आज विचारतो. आणि रोज हातपाय धुऊन जेवायला बसायचे.

शेवटी एका रविवारी सकाळी हे आत्याबाईंसमोर जाऊन उभे राहिले. मी दाराआड. मागावर मामंजींचा धोटा सूत घेऊन इकडून तिकडे पळत होता.

“माय,” हे म्हणाले.

“काहून गा? काय झालं?”

“काही नाही. येत्या... म्हंजे शनिवारी... चांद्याले...”

“चांद्याले? कोन मेलं?”

हे घाबरून माझ्याकडे बघायला लागले. आत्याबाईंनी हात थांबवला आणि त्यासुद्धा माझ्याकडे बघायला लागल्या. तेवढ्यात माझी जीभ मला न विचारता बोलून गेली.

“नवस हाय आत्याबाई. चांद्याच्या महाकालीले बोलली होती मी.”

मागाची खटखट थांबली. मामंजींनी मान वर केली.

“कवा?”

“अश्विनात. याले ताप आला होता तवा.”

अश्विनात त्याला दाढा येताना तीन दिवस ताप आला होता, एवढं खरं होतं. त्या तीन दिवसांत मी रडले होते, चिडले होते, जागरणं केली होती. नवस मात्र बोलले नव्हते. चांद्याला महाकाली आहे हेसुद्धा मला त्या तावावरूनच कळलेलं.

“काय बोलली?” आत्याबाईंनी विचारलं. नवस मोघम नसतो. काय देईन ते नेमकं सांगावं लागतं. माझ्या पायाशी पोरगं खेळत होतं आणि त्याचे केस त्याच्या डोळ्यांवर आले होते.

“जावळ. देवीपाशी जावळ काढीन म्हनलं. अन् लुगडं नेसवीन.”

ते लुगडं कुठून आलं ते मला आजही सांगता येत नाही. खोटं बोलताना एकावर थांबावं एवढी अक्कल तेव्हा नव्हती.

आत्याबाई उठल्या. मला वाटलं, आता पकडलं. त्यांनी पोराला उचललं, त्याचे केस मागे सारले आणि त्याच्या कपाळावर ओठ टेकले. “तरीच याचं जावळ राहून जात होतं,” त्या म्हणाल्या. “मले काहून नाही सांगितलं वं? एवढं वझं एकटीनं घेऊन फिरून राहिली.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. पण मी भ्याले, आणि मागे उभे असलेले माझे यजमान खूश होऊन डोळे मिचकावत होते.

त्या दिवसापासून बेत आमच्या हातातून गेला. चांद्याला दोघं जाणार होतो, तिथे आता घरच निघालं. नवस म्हटल्यावर सासू-सासरे मागे राहतात होय? तावाच्या मागे पेन्सिलीने लिहिलेला कोट, समाध्या, फेरी, सगळं राहिलं बाजूला. “देवीचं झालं की वेळ उरला त पाहू,” असं आत्याबाईंनी सांगून टाकलं. माघातला दुसरा शनिवार ठरला. मामंजींनी मागावरचं गिऱ्हाइकाचं काम उरकलं आणि देवीचं लुगडं चढवलं, हिरवं, लाल काठाचं. ते पहाटे आंघोळ करून, काही न खाता मागावर बसायचे आणि दुपारी लुगड्याला नमस्कार करून उठायचे. तेवढ्या वेळात त्या खोलीतून कोणी चप्पल घालून गेलेलं त्यांना चालायचं नाही. माझ्या एका वाक्यासाठी तो म्हातारा माणूस उपाशी विणत होता. धोट्याच्या प्रत्येक फेरीला माझ्या छातीत खट् व्हायचं.

पोराच्या केसांना आत्याबाईंनी कोणाला हात लावू दिला नाही. देवीच्या नावाचे केस, त्यांना लोखंड लागायचं नाही. त्यांनी त्याची छोटी वेणी घातली आणि टोकाला मागावरचा लाल दोरा बांधला. गल्लीतल्या बाया यायच्या, त्या वेणीला हात लावून कपाळाला लावायच्या, आणि जाताना आत्याबाईंच्या हातात काहीबाही ठेवायच्या. आपल्या गल्लीतून कोणी देवीला चाललं की आपलाही नारळ पाठवायची रीत. कोणी खण दिला, कोणी बांगड्या, कोणी मूल होऊ दे म्हणून कागदात बांधलेलं हळदीकुंकू. देवघराशेजारच्या टोपलीत त्या पुड्या साचत गेल्या. मी त्या टोपलीकडे पाठ करून भाकरी थापायची.

ह्यांना मी अंगणात म्हणाले, “मले भेव लागते. सांगून देऊ का?”

“आता? येडी झाली का? लुगडं अर्धं झालं.” मग जरा हळू, “देवीले जाऊनच राहिलो न आपन. लुगडं देऊन राहिलो, जावळ देऊन राहिलो. मंग खोटं कुठं राहिलं?”

हे मला पटलं. भित्र्या माणसाला सोयीचं ते लवकर पटतं. दोन-तीन दिवस मी बरी झोपले.

जायच्या आधीच्या रविवारी पोराला ताप आला.

पहिल्या दिवशी वाटलं, थंडीचा. दुसऱ्या दिवशी काढा दिला. तिसऱ्या दिवशी त्याने आजीच्या हातचं दूध तोंडाबाहेर काढलं. चौथ्या दिवसापासून तो डोळे अर्धे उघडे ठेवून काहीतरी पुटपुटायला लागला आणि मला ओळखेना. मी त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन हाक मारायची, आणि तो माझ्या खांद्यापलीकडे बघायचा.

तेव्हा मला काय वाटलं ते सरळ सांगते. मला वाटलं, देवीने माझं ऐकलं. मी म्हणाले होते ना, ताप आला होता आणि मी नवस बोलले होते? घे, म्हणाली ती, हा ताप. आता बोल. मी देवघरासमोर जायला भीत होते. दिवा लावायचं मी आत्याबाईंवर सोडलं होतं. ताप कमी व्हावा म्हणून खरा नवस बोलावा असं मनात यायचं, पण कोणत्या तोंडाने बोलू? एकदा खोटं बोललेल्या बाईचं दुसऱ्यांदा कोण ऐकणार? आत्याबाई आपल्या परीने धीर देत होत्या. “घाबरू नोको. देवी आपलं लेकरू कशी नेईन? तिचं जावळ हाय त्याच्या डोक्यावर.” त्यांच्या त्या धीराचीच मला सगळ्यांत जास्त भीती वाटायची.

पाचव्या दिवशी दुपारी हे छापखान्यातून मधेच सुट्टी काढून डॉक्टरांना टांग्यात घालून घेऊन आले. डॉक्टर उंच, घाईतले. त्यांनी पोराच्या पापण्या उचलून पाहिल्या, मान वाकवून पाहिली, आणि त्या लाल दोरा बांधलेल्या वेणीवर त्यांची नजर थांबली.

“हे सगळे केस आत्ता काढून टाका,” ते म्हणाले. “ताप डोक्याला चढतोय. डोकं मोकळं करून थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवा, एकसारख्या. ह्या जंगलातून पाणी आत पोचायचं नाही. दिवे लागेपर्यंत ताप खाली यायला पाहिजे.”

“अन् नाही आला तर?” ह्यांनी विचारलं.

डॉक्टर पेटी बंद करत होते. “आधी केस काढा,” एवढंच ते म्हणाले आणि औषधाची चिठ्ठी देऊन गेले.

टांगा वळायच्या आत आत्याबाई पोराच्या उशाशी येऊन बसल्या होत्या. त्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि दोन्ही हात केसांवर झाकून धरले होते.

“केस देवीचे हायेत,” त्या म्हणाल्या.

“माय, डॉक्टर म्हनते त...” हे म्हणाले.

“डॉक्टर काय म्हनते ते ऐकलं मी. परवा शनिवार हाय. परवा देवीपाशी निघतील. देवीचं देनं मधातच मोडलं तर ती लेकराले ठेवीन का? तू सांग. ठेवीन का ती?” त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. त्या हट्टाला पेटल्या नव्हत्या. त्यासुद्धा माझ्यासारख्याच भ्यायलेल्या होत्या. माझ्यापेक्षा जास्त, कारण त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

मामंजी मागाच्या खड्ड्यात बसले होते, समोर पुरं झालेलं हिरवं लुगडं. आदल्याच दिवशी त्यांनी शेवटचा धागा घातला होता. आणि माझे यजमान, ज्यांना सगळं ठाऊक होतं, ते माझ्याकडे बघत होते. फक्त बघत होते. “माय, नवस-बिवस काही नाही,” एवढे चार शब्द. हजारो खिळे जुळवणाऱ्या माणसाला ते चार शब्द जुळवता आले नाहीत. त्या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली, ते गेले, त्यांचं श्राद्धही मी मनापासून घालते. पण त्या दुपारचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

पोराने एक विचित्र आवाज काढला आणि त्याच्या हाताची बोटं आखडली.

मी आत्याबाईंच्या पायांवर पडले. “नवस नाही आत्याबाई,” मी म्हणाले. “मी बोललीच नव्हती. खोटं सांगितलं तुमाले. आमाले दोघाले चांदा पाहाचा होता. कोट पाहाचा होता. तुमी जाऊ देनार नाही म्हनून बोलली मी. देवीचं काही नाही त्याच्या डोक्यावर. कापून टाका ते केस. कापा न आत्याबाई!”

मला वाटलं होतं, त्या मला लाथ मारतील. मारायला हवी होती. हाकलून देतील, माहेरी धाडतील, असंही वाटलं होतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. ते नेहमीचं, मला आत पळवणारं बघणं नव्हतं. मग त्यांनी एक हात केसांवरून काढून माझ्या डोक्यावर ठेवला.

“कोट पाहाले कोन जाते वं?” त्या हळूच म्हणाल्या. “लेकरासाठी एवढं पाप घेऊन राहिली अंगावर? देवीले नाही म्हनून राहिली?”

“नाही आत्याबाई, खरंच...”

“चूप. तुह्यं वय काय? तुले अजून लेकरं होतीन. तुह्यावर नाही येऊ देत मी.”

त्यांनी पोराचं डोकं मांडीवरून अलगद उतरवून माझ्या मांडीवर दिलं आणि उठल्या. मागापाशी गेल्या. मामंजींच्या हाताशी लुगडं मागावरून कापून काढायची कात्री असायची, ती त्यांनी उचलली. मामंजींनी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला. मग दक्षिणेकडे, चांदा जिकडे आहे तिकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि शेजारणीशी बोलावं तशा मोठ्याने बोलल्या.

“माये, मी कापून राहिली. मी. सुनेनं नाही कापले, पोरानं नाही कापले. जे घ्याचं ते माह्यं घेजो.”

आणि त्यांनी कात्री चालवली. आधी वेणी पडली, लाल दोऱ्यासकट. मी पोराचं डोकं धरून होते आणि मला त्यांचे हात दिसत होते. ते अजिबात डगमगत नव्हते.

पुढचे तीन-चार तास मडक्यातलं पाणी, फडकी आणि आत्याबाईंचे हात, एवढंच होतं. हे विहिरीवरून ताजं पाणी आणत राहिले. मामंजी पंखा हलवत राहिले. उन्हं भिंतीवरून सरकत दारापर्यंत गेली. मी त्याच्या बोडक्या, बारक्या डोक्याकडे बघत होते आणि माझ्या मनात एकच होतं: आता हे पोरगं गेलं तर त्याला कोणी मारलं, तापाने की माझ्या जिभेने? शेजारच्या घरी दिवा लागला तेव्हा त्याच्या मानेला ओल लागली. पाण्याची नव्हती, घामाची होती. थोड्या वेळाने त्याने डोळे फिरवून आजीकडे बघितलं आणि म्हणाला, “दुदू.” आत्याबाई उठून दूध आणायला गेल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन मोठ्याने रडल्या.

पोरगं वाचलं. महिनाभरात गल्लीत धावायला लागलं. पण माझी भीती गेली नाही, तिने नुसतं घर बदललं. ती आता आत्याबाईंच्या भोवती फिरायला लागली. अंगणात पाय घसरून त्या पडल्या, तर म्हणाल्या, “आलं वाटते.” दात दुखला, तरी तेच. त्या कुरकुर करत नव्हत्या, वाट बघत होत्या. कापलेले केस त्यांनी हिरव्या लुगड्याच्या पदरात बांधून ठेवले होते. मी त्यांना पुन्हा दोनदा खरं सांगितलं. पाय चेपताना सांगितलं, डाळ निवडताना सांगितलं. दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, “तुह्यं मन मोठं हाय वं बाई.” एकदा ह्यांनीही सांगितलं, उशिरा का होईना. त्यावर आत्याबाई म्हणाल्या, “बायकोची बाजू घ्याले शिकला एकदाचा.” मग मी तो वाया गेलेला ताव आणून त्यांच्यापुढे ठेवला, मागची पेन्सिलीची अक्षरं दाखवली. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी त्या वेशीच्या चित्राला नमस्कार केला.

होळी झाल्यावर एका शनिवारी आम्ही चांद्याला गेलो. एक वाजता छापखाना सुटला, छोटी गाडी मिळाली, नागभीडला बदलली, सगळं तावावर लिहिल्याप्रमाणे झालं. रविवारी सकाळी वेशीतून आत जाताना मी मान वर करून बघितलं. हत्तीवर चढलेला सिंह होता, चित्रात होता तसाच, फक्त पुष्कळ मोठा. हे माझ्याजवळ येऊन म्हणाले, “पाह्य, हा कोट.” मी पुढे चालत राहिले. माझं लक्ष आत्याबाईंच्या पाठीकडे होतं. त्या अनवाणी, गल्लीतल्या बायांच्या टोपलीभर पुड्या डोक्यावर घेऊन, आरोपीसारख्या चालल्या होत्या.

देवळात गर्दी नव्हती. आत्याबाईंनी सगळ्यांचे नारळ, खण, बांगड्या एक एक नाव घेऊन दिल्या. मग लुगडं देवीपुढे ठेवलं, पदराची गाठ सोडून केस काढले, आणि उंबऱ्यावर नाक घासून म्हणाल्या, “माये, तुह्यं होतं ते मी घरीच कापलं. सुनेचा दोष नाही. तिनं तर मोठ्या मनानं नवस बोलला होता. मले काय शिक्षा देतं ते दे, पन आता देऊन टाक. वाट पाहून थकली मी.”

त्यांच्या नाकाची कातडी सोलून निघाली होती. ते बघून माझ्यातली भीती एकदम फुटली. त्या देवीचे मोठे डोळे समोर होते, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा, जिभेने नव्हे तर मी स्वतः, सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलले.

“देवी, आत्याबाईचा काही दोष नाही. मी नवस बोललीच नव्हती. मी खोटारडी हाव. शिक्षा मले दे.”

आत्याबाई उंबऱ्यावरून गर्रकन वळल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी आपला खरखरीत, सुताचा वास असलेला हात माझ्या तोंडावर दाबून धरला.

“देवीपुढं तरी खोटं नोको बोलू वं,” त्या म्हणाल्या.

त्यांनी हात काढला नाही, दुसऱ्या हाताने माझा दंड धरून त्या मला देवळाबाहेर घेऊन आल्या.